स्क्रू घेऊ की बेल्ट?

बेळगावच्या उद्यमबागेत फीडर, म्हणजे हॉपरमधला (निमुळत्या टाकीतला) माल मापात पुढे सोडणारं यंत्र, बनवतो म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेला असतो: 'दादा, स्क्रू घेऊ, बेल्ट घेऊ की व्हायब्रेटर?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आधी माल सांगा. तोही जुलैतला.

फाउंड्रीतलं बेंटोनाइट, म्हणजे साच्याची वाळू बांधणारी मातीची पावडर, उन्हाळ्यात पाण्यासारखं पळतं. हॉपर भरताना हवा मिसळली की स्क्रू बंद असला तरी ते वाहतच राहतं. तेच पोतं आपल्या पावसात उघडं पडलं की हॉपरच्या तोंडाशी कमान धरतं आणि खाली स्क्रू रिकामा फिरतो. मग कुणीतरी हातोडा उचलतो. हॉपरवरचे पोचे बघितले की तिथं फीडर कसा निवडला असेल, याचा मला अंदाज येतो.

कोरडी वाळू व्हायब्रेटरवर छान चालते. स्क्रूची पाती मात्र ती खाऊन टाकते. बारीक पावडरीला हादरे दिले तर ती आणखी घट्ट बसते. ओलसर मोल्डिंग सँडला (साच्याच्या वाळूला) बेल्ट बरा. साखर कारखान्यातल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, गोष्ट वेगळीच. त्यात निम्मं पाणी, वजनाला हलकं, धागे एकमेकांत गुंतलेले. त्याला बहुतेक ठिकाणी ड्रम फीडरच, म्हणजे फिरत्या पिंपाचा, असतो.

पण खरी गडबड फीडर आणि हॉपर वेगवेगळ्या माणसांकडून करून घेतल्यानं होते. हॉपरचं तोंड लांब आणि खालच्या स्क्रूचं पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, सगळीकडे सारखं असलं, तर माल मागच्या एक-दोन आट्यांतच उतरतो. तोच पुढे सरकतो, म्हणून पुढच्या आट्यांत जागाच उरत नाही, त्यामुळे त्यांच्या वरचा माल हलत नाही, ओल धरतो आणि दगड होतो. पिच पुढे वाढवत न्यावं लागतं. बेल्ट असेल तर तोंडच पुढे रुंद होत गेलेलं हवं. हे काम वेल्डिंग झाल्यावर सुधारायचं म्हणजे नुसता खर्च.

वजनाचा फीडर हवाच का, हेही विचारतात. साधा स्क्रू घनफळ मोजतो, वजन नाही. पावडर सैल आली की तेवढ्याच फेऱ्यांत माल कमी पडतो. वाळूच्या मिक्सरला घाण्यागणिक (दर खेपेला) तोलणारा हॉपर पुरतो, उगाच पैसे घालू नका. सतत नेमका माल सोडायचा असेल, तरच घटत्या वजनावर चालणारा, म्हणजे हॉपरचं वजन किती कमी झालं ते बघून वेग ठरवणारा, घ्या. फक्त त्याचा हॉपर झटपट भरायची सोय करा. भरत असताना काट्याला माल किती गेला ते कळत नाही, तेवढा वेळ तो आधीच्याच वेगावर चालतो.