चार फंदे वाढवून भागत नाही

बाबांची छाती 94 सेंटिमीटर. आत बनियन, वर शर्ट, म्हणजे बिनबाह्यांचा स्वेटर निदान 98 तरी हवा. आणि मी निवडलेल्या नक्षीत मापं बसत होती दोनच: 94 आणि 103.

मावशीला यात अडचण अशी काही दिसेचना. "वाढव चार-आठ फंदे, त्यात काय!" फंदे म्हणजे टाके. ग्वाल्हेरच्या अर्ध्या जिवाजीगंजाने तिच्या हातचे स्वेटर घातलेत, तेव्हा तिला अधिकार आहेच. साध्या विणीत तिचं खरंही आहे. पण हे शेटलंड बेटांकडचं फेअर आइल पद्धतीचं काम. एका ओळीत दोनच रंग. जो वापरात नाही त्याचा धागा मागून चालत राहतो. माझ्या नक्षीतली एक चांदणी 24 टाक्यांची, अकरा चांदण्यांचे 264 टाके. चार टाके घुसवले की काखेखाली चांदणी मोडते. अख्खी चांदणी वाढवली तर 10 सेंटिमीटरला 28 टाक्यांच्या हिशेबाने घेर साडेआठ सेंटिमीटरने वाढतो, आणि ग्वाल्हेरच्या थंडीत तेवढ्या फटीतून वारा मस्त खेळतो.

म्हणून टाके तेच ठेवले, सुई बदलली. 3.25 मिमीऐवजी साडेतीन घेतल्यावर 10 सेंटिमीटरला 27 टाके बसले: घेर जवळजवळ 98. आपल्या जुन्या नंबरांत 10 म्हणजे 3.25 आणि 9 म्हणजे 3.75, मधली साडेतीन नाहीच, त्यामुळे गोल सुई मिमीचं माप बघूनच घ्यावी लागली.

हा हिशेब खरा ठरतो तो मापासाठी आधी विणायचा नमुन्याचा तुकडा नीट विणला तरच. स्वेटर गोल विणायचा, म्हणजे सगळे टाके सुलट. तुकडा उलट-सुलट विणला तर हात वेगळा पडतो आणि माप फसवं येतं. मी प्रत्येक ओळ सुलट बाजूनेच सुरू केली, धागे मागे लांब सोडून. मग धुऊन, वाळवून मोजलं. खरी लोकर धुतल्यावर फुलते, टाके सारखे होतात. इथे बाड्यावरच्या बाजारात मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक, तिला या धुण्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून लोकर बाहेरून मागवली. मोतिया आणि गडद निळी. लाल नको, ही बाबांची अट.

सुई जाड झाली की ओळींची उंचीही वाढते. ती मी चांदण्यांच्या पट्ट्यांमधल्या साध्या ओळी कमी करून सांभाळली. खालची बॉर्डर एकरंगीच, 240 टाक्यांची, बारीक सुईवर. दोनरंगी बॉर्डर दिसते झकास, पण ताणली जात नाही. बॉर्डर संपल्यावर दर दहा टाक्यांमागे एक वाढवला की झाले 264.

1920 च्या दशकात इंग्लंडचा युवराज असले स्वेटर घालून गोल्फ खेळायचा, त्याने ते फॅशनमध्ये आणले, असं मी बाबांना सांगितलं. "तो युवराज, मी पेन्शनर," म्हणाले, आणि आरशासमोर छातीवर लावून बघत राहिले.

आता काखेपर्यंत आलंय. पुढे मुंढ्यांच्या आणि गळ्याच्या जागी सात-सात जादा टाके घालून गोलच विणत जायचं आणि शेवटी त्यांच्या मधोमध कात्रीने कापायचं. खऱ्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून असतात, वीण सरसर उसवत नाही; तरी कडेने बारीक शिवण घालणार आहे. मावशीला हे कळलं तेव्हा तिने हातातला चहा खाली ठेवला. "विणलेल्याला कात्री? अगं, शुद्धीवर आहेस ना?"

ग्वाल्हेरच्या मेळ्याच्या आत स्वेटर व्हायला हवा. कापायचं ते ती दुपारची झोपली की.