वाढल्या

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

सकाळी सव्वासातला वहिनीचा फोन आला. माझे हात कणकेत होते, म्हणून कोपराने स्पीकर लावला. "ताई, वाढल्या! प्लेटलेट्स वाढल्या!"

आणि माझ्या काळजात धस्स झालं.

क्षणभरच. मग कळलं, सोनूच्या. काल एकेचाळीस हजार होत्या, आज चौसष्ट. वहिनी रडत होती, मधूनच हसत होती. म्हणे, डॉक्टर परवा घरी सोडतो म्हणाले. "देव पावला गं बाई," मी म्हटलं. म्हटलं ते अगदी मनापासून. पण त्याच्या आधीचा तो एक क्षण दिवसभर आत रुतून बसला आहे. पोर जिवावरच्या दुखण्यातून उठल्याची बातमी, आणि ती ऐकून त्याच्या आत्याला भीती वाटते. हे कसलं मन झालंय माझं?

पर्समध्ये माझा सोमवारचा रिपोर्ट आहे. 5,86,000. जूनमध्ये 4,12,000 होत्या. अजून कुणाला दाखवला नाही. यांनाही नाही.

पोळ्याच्या दिवशी सोनूला डेंग्यू म्हणून धंतोलीतल्या दवाखान्यात भरती केलं. दुसऱ्या दिवशी आकडा 18,000 वर आला आणि हिरडीतून रक्त थांबेना. डॉक्टरांनी एकाच दात्याच्या प्लेटलेट्स आणायला सांगितल्या. तो मारबतीचा दिवस, नागपुरात रोगराई घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तो. सोनूचा मित्र त्यासाठी महालातून निघाला, पण सगळे रस्ते मिरवणुकीने भरलेले, तासभर अडकला बिचारा. "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत" हे लहानपणी इतवारीत उभं राहून मीही घसा फोडून ओरडले आहे. त्या दिवशी वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर बसून तेच मनात म्हणत होते. काळी मारबत, पिवळी मारबत, जी कोणती ऐकत असेल तिने या पोराचं दुखणं न्यावं.

तेव्हा वहिनी माझ्याजवळ आली. चेहरा पार उतरलेला. माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुमच्याजवळ तर इतक्या आहेत. तुमच्या नाही का चालत?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटलं. कुणालाही वाटेल. एकाकडे अठरा हजार, दुसरीकडे लाखांनी. काढून द्यायच्या. मी म्हटलं, "नाही गं, नाही चालत." एवढंच. ती "बरं" म्हणून परत खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिला समजावून सांगायची ती वेळ नव्हती, आणि वेळ असती तरी मला ते नीट जमलं असतं का, कोण जाणे. तीन वर्षं झाली, मला स्वतःलाच ते पुन्हा पुन्हा समजावून घ्यावं लागतं.

आज इथे लिहून बघते.

निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणारे बारीक कण, असतात. त्या सात ते दहा दिवस जगतात, मग नव्या येतात. शरीर रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या प्लेटलेट्स बनवतं. अस्थिमज्जेतल्या मोठाल्या पेशींचे तुकडे पडून त्या तयार होतात. किती बनवायच्या याचा निरोप यकृतात तयार होणाऱ्या एका संप्रेरकाकडून येतो. पुरेशा झाल्या की निरोप थांबतो. माझ्या मज्जेत निरोप आला नाही तरी काम सुरूच राहतं. जाक-टू नावाच्या जनुकात एक अक्षर बदललं आहे, त्यामुळे त्यातून बनणाऱ्या प्रथिनात 617 व्या जागी व्हॅलिनच्या ऐवजी फेनिलॲलॅनिन येतं. एवढाच फरक. हा बदल 2005 साली सापडला, आणि माझ्यासारख्या निम्म्याहून जास्त रोग्यांत तो असतो. आईबाबांकडून आलेला नाही, पोरीला जाणार नाही. हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला होता.

त्यांना मला दोन वाक्यांत समजावता येतं. नातेवाइकांना समजावणं मला जमत नाही. रोगाचं नावच बघा, इसेन्शियल थ्रोम्बोसायथेमिया. इसेन्शियल म्हणजे गरजेचं असं नाही, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ दुसऱ्या कुठल्या आजारामुळे न आलेलं, आपलं आपणच झालेलं. सुरुवातीला 9,68,000 होत्या. तेव्हा आधी लोह तपासलं, कारण लोह कमी असलं तरी प्लेटलेट्स वाढतात. जंतुसंसर्गाने वाढतात, अंगात कुठे सूज असली तरी वाढतात. माझं लोह थोडं कमी निघालं. तीन महिने गोळ्या घेतल्या, लोह भरलं, आकडा मात्र जागचा हलला नाही. मग जनुकाची तपासणी, मग कमरेच्या हाडातून मज्जा काढली. ते दुखणं लिहीत नाही. पोरीने पुण्यात बसून वाचून काढलं की हा रक्ताच्या कर्करोगांच्याच कुळातला. त्या रात्री ती फोनवर एक शब्द बोलली नाही.

आणि मला तर काहीच होत नव्हतं! म्हणजे होत होतं, पण मी ते उन्हावर ढकललं होतं. मे महिन्यात तळपाय लालबुंद होऊन आग व्हायची, ओल्या फरशीवर पाय टेकवून बसायची. नागपूरच्या मे महिन्यात कुणाचे पाय भाजत नाहीत? 75 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन सुरू झाली आणि आठवड्याभरात ती आग गेली, तेव्हा कळलं की तो उन्हाचा ताप नव्हता, बारीक रक्तवाहिन्यांत प्लेटलेट्स चिकटत होत्या.

माझं दुखणं कुणाला दिसत नाही, हे मला लागतं. लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. सोनूसाठी घरोघरी जीव टांगणीला लागला होता. कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी बकरीचं दूध, कुणी किवी. लागायलाच पाहिजे जीव, एकुलता एक पोरगा. पण त्या बाकावर बसून माझ्या मनात आलं की कमी झालं की सगळे धावतात, आणि माझं ऐकल्यावर म्हणतात, "जास्त आहेत? मग चांगलंच आहे नं बापा!" आपल्याकडे भरभराट हाच आशीर्वाद. जास्त असल्याने रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत किंवा हृदयात जाऊ शकते, हे कुणाला कसं सांगायचं? आणि फार म्हणजे फारच वाढल्या तर उलट रक्तस्रावही होतो, हे सांगितलं तर मीच घोळ घालते असं वाटेल. मी बासष्ट वर्षांची. साठी ओलांडली की या आजारात धोका वरच्या गटात मोजतात. मला कुणी नारळपाणी घेऊन आलं नाही.

अठरा हजारांपर्यंत खाली गेलेल्या पोराचा हेवा वाटला मला, नारळपाण्यासाठी. लिहून टाकलं एकदाचं.

औषधाच्या दुकानातला प्रसंग आठवतो. पहिल्यांदा हायड्रॉक्सियुरियाची चिठ्ठी घेऊन मेडिकल चौकात गेले होते. दुकानदाराने कॅप्सूल लगेच काढून दिल्या आणि हळूच विचारलं, "मावशी, घरी सिकलसेल आहे का कोणाले?" मी नाही म्हटलं. विदर्भात हे औषध बहुतेक सिकलसेलच्या, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराच्या, पोरांसाठीच नेतात. माझ्यामागे एक बाई उभी होती, कडेवर पाचेक वर्षांची मुलगी, तिच्याही हातात तीच चिठ्ठी. त्या मुलीच्या रक्तात ते औषध वेगळंच काम करतं, गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं, म्हणजे तिच्या तांबड्या पेशी कमी वाकतात, वेदनेचे झटके कमी येतात. माझ्यात ते मज्जेला आवर घालतं. एकाच पाकिटातून तिला वाढवून मिळतं, मला कमी करून. तेव्हा ती नुसती गंमत वाटून विसरले होते. आज दुपारी भांडी घासताना ते दोघींचं एका रांगेत उभं असणं आठवलं आणि जरा सैल झाले.

वाढणं चांगलं की वाईट हे शब्दात नसतंच. सोनूला वाढ हवी, मला घट हवी, दोघांनाही पोचायचं आहे त्याच दीड ते साडेचार लाखांच्या अंगणात. तो खालून येतोय, मी वरून. सकाळी धस्स झालं ते सोनूसाठी नव्हतंच. तीन वर्षं तो एक शब्द माझ्यासाठी ज्या अर्थाने येतोय, त्या अर्थाने अंग आपोआप दचकलं. त्याबद्दल स्वतःला किती मारायचं?

चार वाजता डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आकडा सांगितला. त्यांनी पहिलंच विचारलं, "कॅप्सूल किती चुकल्या?" तीन. शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही रात्री मी सोनूजवळ होते आणि डबी घरी फ्रिजवर. त्या रागावल्या नाहीत. एका रिपोर्टवर डोस बदलत नाही म्हणाल्या, कॅप्सूल रोज घ्या, पुढच्या सोमवारी पुन्हा रक्त द्या, पांढऱ्या पेशीही बघू. आणि एक गोष्ट बजावली. घरात डेंग्यू आहे, मच्छरांपासून जपा, आणि तुम्हाला ताप आला तर ॲस्पिरिन घ्यायच्या आधी मला फोन करा. डेंग्यूत ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढतो. जी गोळी मला वाचवते, तीच त्या तापात घात करू शकते. ओढणीने तोंड बांधून, छत्री घेऊन जाऊन मच्छर मारायची अगरबत्ती आणि मच्छरदाणी आणली. ऊन चुकवायचं कारणही हे औषधच, कातडीला जपावं लागतं.

रात्री नऊला वहिनीला फोन केला. सोनूने वरणभात खाल्ला म्हणाली. मग मी म्हटलं, "वहिनी, माझ्यापण वाढल्या."

ती लगेच काही बोलली नाही. एरवी ती "अरे वा" म्हणाली असती. वॉर्डातल्या पंख्याचा आवाज येत होता.

"तुमच्या कमी पायजेत नं ताई?" ती म्हणाली. "किती पायजेत?"

तीन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"चार लाखांच्या खाली."

"आता किती आहेत?"

सांगितलं. ती मनात वजाबाकी करत असावी.

"सोमवारी किती वाजता जायचं? मी येते सोबत. सोनूले त्याचे बाबा पाहतील."

फोन ठेवल्यावर यांना रिपोर्ट दाखवला. चष्मा लावून दोनदा वाचला त्यांनी. काही बोलले नाहीत, उठून फ्रिजवरची डबी आणली आणि पाण्याचा गडू भरून ठेवला.