सगळं येतं, फक्त वाचता येत नाही – माझा वर्गातला अनुभव

हा मुलगा चौथीत माझ्या वर्गात आला तेव्हा मला तो आळशी वाटला होता. आधीचे शेरे पण तसेच, हुशार आहे पण लक्ष देत नाही. तोंडी विचारलं तर बर्फ पाण्यावर का तरंगतो हे तो इतकं छान सांगायचा की बाकीची मुलं ऐकत राहायची, आणि त्याच धड्यावरची लेखी टेस्ट जवळजवळ कोरी. मग मी काय केलं, तर चुकलेले शब्द दहा-दहा वेळा लिहायला दिले. त्याने ते निमूटपणे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी तोच शब्द वेगळ्याच प्रकारे चुकवला. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

वर्गात आम्ही आळीपाळीने प्रकट वाचन करायचो, एकाने एक परिच्छेद. एक दिवस मी नेहमीच्या ऐवजी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली आणि हा उभा राहिला तो 'पाणी'चं 'पाऊस' वाचून थांबलाच, पुढे एक अक्षर नाही, कान लालबुंद. नंतर त्याच्या शेजारच्या मुलाने सांगितलं की टीचर, तो रोज आधी मुलं मोजतो मग परिच्छेद मोजतो, आणि त्याचा जो येणार असतो तो माझ्याकडून वाचून घेऊन पाठ करतो. एका वाचनाच्या तासाला हे मूल एवढी मेहनत करत होतं आणि मी त्याला आळशी म्हणत होते.

त्यानंतर तीन आठवडे मी फक्त त्याच्या चुका लिहून काढल्या, कुठेही लाल खूण न करता. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल. पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजाने. जोडाक्षर आलं की थांबणं. आणि पहिली वेलांटी, रफार. हे लिहिताना मला पहिल्यांदा जाणवलं की पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी पण उच्चार येतो नंतर, आणि 'धर्म'मधला र् बोलायचा म च्या आधी पण बसलाय म च्या डोक्यावर. आपल्याला ते कळतही नाही इतकं अंगवळणी पडलंय, पण ज्याला आवाज आणि अक्षर जोडणंच जड जातं त्याच्यासाठी ही केवढी गुंतागुंत आहे!

हीच वही घेऊन मी पालकांना बोलावलं. आधी डोळे आणि कान तपासून घ्या म्हटलं, ते दोन्ही ठीक निघाले, मग तज्ज्ञांकडे तपासणी. डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार असूनही वाचणं-लिहिणं जड जाण्याची अडचण, आहे की नाही हे शिक्षकाने ठरवायचं नसतं, आपण जे दिसतं ते नीट टिपून द्यायचं. रिपोर्ट यायला चार महिने लागले पण मदत मी तोपर्यंत थांबवली नाही, आणि माझ्यासारख्या कुणालाही हेच सांगेन की रिपोर्टसाठी थांबू नका. प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी १८९६ साली १४ वर्षांच्या अशाच एका मुलाबद्दल लिहिलं होतं, त्यात त्याच्या शिक्षकांचं म्हणणं नोंदवलंय की शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. वाचून मी सुन्न झाले, माझ्याच वर्गातल्या मुलाबद्दल कुणीतरी लिहिलंय असं वाटलं.

सुरुवातीला मी रंगीत पारदर्शक कागद आणून बघितले, वेगळा फॉन्ट करून बघितला, दोन्हीचा काही फायदा झाला नाही. होणार तरी कसा, अडचण डोळ्यांची नव्हतीच. अक्षरं थोडी मोठी आणि ओळींमध्ये जागा जास्त ठेवली तेव्हा त्याला जरा सोपं गेलं, तेवढंच. खरा फरक पडला तो रोजच्या वीस मिनिटांनी. तिघांचा छोटा गट, शब्द आधी फक्त ऐकायचा, त्यातले आवाज सुटे करायचे, प्रत्येक आवाजाला एक सोंगटी पुढे सरकवायची, मग ते अक्षर तोंडाने म्हणत बोटाने गिरवायचं. अशा मुलांना वाचायला शिकवायची ऑर्टन आणि गिलिंगहॅम या अमेरिकन तज्ज्ञांची पद्धत आहे, तिच्यात हेच आहे, ऐकणं, बघणं, बोलणं आणि हात एकाच वेळी. नवीन काही घ्यायच्या आधी कालचं पक्कं. शेवटी एकच छोटा उतारा तीन-चार वेळा वाचायचा, चौथ्या वेळेला स्वतःचा वेग ऐकून त्याचा चेहरा जो फुलायचा तो मी विसरणार नाही.

वर्गात मी एक ठरवून टाकलं की विज्ञानाच्या पेपरात मला विज्ञान तपासायचंय, वाचन नाही. म्हणून प्रश्न रेकॉर्ड करून दिले, उत्तरं तोंडी घेतली, वेळ जास्त दिला, शुद्धलेखनाचे मार्क कापले नाहीत. प्रकट वाचनाचा परिच्छेद आदल्या दिवशी हातात, आणि नको असेल तर नाही म्हणायची मुभा. मग मुलं म्हणायला लागली त्यालाच का? मी रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी खुलं केलं, पहिल्या आठवड्यात निम्म्या वर्गाने ऐकलं, महिन्याभरात फक्त चार जण उरले आणि त्यातल्या एका मुलीकडे तर माझं तोपर्यंत लक्षच गेलं नव्हतं.

एक गोष्ट अजून. त्याचे वडील माझ्या चिठ्ठ्यांना कधीच उत्तर द्यायचे नाहीत, मला वाटायचं यांना काही पडलेलीच नाही. रिपोर्ट समजावून सांगितला त्या दिवशी ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मॅडम, माझंही असंच होतं, मी तर शाळाच सोडली. डिस्लेक्सिया बऱ्याचदा घराण्यात चालत येतो हे मी वाचलं होतं, पण माझी चिठ्ठी वाचणं त्यांनाही जड जात असेल हे काही डोक्यात आलं नव्हतं. तेव्हापासून मी त्यांना व्हॉइस मेसेज पाठवते आणि त्यांचं उत्तर त्याच दिवशी येतं.

वर्षाच्या शेवटी तो वाचतो, अजून सावकाशच वाचतो, जोडाक्षरापाशी थांबतो पण अंदाज मारत नाही, अक्षर फोडून बघतो. पुढच्या वर्षीच्या टीचरसाठी मी दोन पानं लिहून ठेवली, काय जमतं, काय नाही, काय केल्याने उपयोग होतो. द्यायच्या आधी त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला टीचर, एक राहिलं, फळ्यावरचं उतरवून घ्यायला खूप वेळ लागतो, त्याचा फोटो काढू द्या असं लिहा. मी म्हटलं तूच लिही. त्याने खाली स्वतःच्या अक्षरात ती ओळ लिहिली, 'फोटो'तली मात्रा राहिली होती, ती मी तशीच ठेवली.