घरचं सोयाबीन पेरण्याआधी

मृगाची वाट बघताना नांगरट, वखराच्या दोन पाळ्या, धसकटं वेचणं हे सगळं होतं. राहते ती उगवण तपासणी, आणि दुबार पेरणीचं संकट बहुतेकदा तिथूनच येतं.

गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळून घ्या. पोत्यातून वरचे, मधले, तळाचे असे सरसकट १०० दाणे घ्या. टपोरे निवडू नका. दहा-दहाच्या ओळी मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडा. नुसता मोड आलेला दाणा धरायचा नाही. मूळ सरळ, दोन्ही दलं शाबूत असतील तोच मोजा. ७० निघाले तर एकरी ३० किलो पुरतं. ६० निघाले तर ३५ किलो. त्याखाली असेल तर ते बियाणं पेरूच नका.

सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं. पोतं वरून आदळलं तरी आतला अंकुर दुखावतो आणि वरून दाणा धडधाकट दिसतो! म्हणून बीजप्रक्रियाही हलक्या हातानेच करा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी पेरणीच्या थोडं आधी रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारं जिवाणू खत), सावलीत सुकवून.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफशावर, म्हणजे जमिनीत ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी. खोली ३-४ सेंटिमीटर. खोल पडलं आणि वर पपडी धरली, तर कोंब मातीखालीच मोडतो.