देवाचे गोठणे, खेप दुसरी: काटा कोण फिरवत होतं ते सापडलं

मंडळी, जुलैच्या नोंदीत मी राजापूरजवळच्या देवाचे गोठणे गावातले, होकायंत्राचा काटा किती सरकतो त्याचे जे आकडे टाकले होते, ते कृपया खोडा. कातळशिल्पाजवळ होकायंत्राचा काटा भरकटतो हे खरंच आहे. पण माझ्या आकड्यांत सड्याबरोबर (सडा म्हणजे कोकणातलं उघडं कातळपठार) माझी छत्रीही मिसळली होती.

या वेळी कोल्हापूरहून मलकापूर, अणुस्कुरा घाट, पाचल आणि राजापूर असा गेलो. घाटात धुकं इतकं की पुढच्या एसटीचे लाल दिवे धरूनच उतरलो. राजापूरला उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर थांबून बोटं शेकली. पावसाळी खेपेत हा थांबा चुकवू नका, गोठलेल्या बोटांनी पुढे पेन्सिलसुद्धा धरता येत नाही.

आता मुद्दा. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातल्या कातळशिल्पांची जी नऊ ठिकाणं गेली, त्यांत कशेळी, बारसू, उक्षी यांच्याबरोबर देवाचे गोठणेही आहे. भार्गवरामाच्या या गावात वर सड्यावर जांभा दगडात कोरलेली मनुष्याकृती आहे. तिच्याजवळ होकायंत्र नेलं की काटा उत्तर सोडतो, आणि जमिनीपासूनची उंची बदलली की त्याचं वागणंही बदलतं. मला हवा होता एक साधा तक्ता: कोणत्या उंचीवर काटा किती सरकतो. फोनमधलं होकायंत्र या कामाला मी आता अजिबात धरत नाही. ते स्वतःच आकडा सावरत बसतं आणि दर दोन मिनिटांनी हवेत आठचा आकडा काढायला लावतं. तेलात तरंगणाऱ्या काट्याचं, पारदर्शक पट्टीवर बसवलेलं साधं होकायंत्र घ्या.

जुलैत अडचण अशी झाली की एकाच बिंदूवर, एकाच उंचीवर तीनदा मोजलं तर तीन वेगळी उत्तरं. दगड तर दहा मिनिटांत बदलत नाही! घरी आल्यावर एकेक संशयित तपासला. मोटरसायकलच्या टाकीवरच्या टँकबॅगेच्या तळाशी चुंबक आहेत, पण ती गाडीबरोबर खालीच होती. जॅकेटच्या कॉलरला चुंबकी बटण निघालं, ते उसवून टाकलं. फोनच्या कव्हरमध्ये चुंबकाची चकती. बुटात पोलादी पत्रा; शिल्पाजवळ मी अनवाणीच जातो, पण बूट शेजारीच काढून ठेवले होते. सगळं बाजूला ठेवून अंगणात चाचणी घेतली तरी काटा हलायचाच, आणि हलायचा तो पाऊस आला की. होकायंत्र भिजू नये म्हणून मी वर छत्री धरत होतो! पोलादी काड्या आणि पोलादी दांडा काट्यापासून जेमतेम वीतभर. छत्री गोल फिरवली की काटा आठ-दहा अंश इकडेतिकडे. आपल्याकडे खरी उत्तर दिशा आणि काटा दाखवतो ती चुंबकीय उत्तर दिशा यांत एका अंशाच्या आसपास फरक असतो, त्यापुढे ही चूक केवढी मोठी ते बघा.

म्हणून या खेपेला छत्री नेली नाही. प्लास्टिकचा कागद नेला, आणि तो सड्यावरच्या वाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत फाडला. काचेवर थेंब, वहीचा लगदा, मी हताश होऊन खाली गावात उतरलो. एका पडवीत आजोबा बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लोखंड नको ना? मग इरलं घेऊन जा की." आणि आढ्याला टांगलेलं इरलं काढून दिलं. बांबूच्या कामट्या, वर पानं, सुंभाने बांधलेलं. खिळा किंवा तार कुठेच नाही. लावणीसाठी वाकून काम करणाऱ्या माणसाचं हे छप्पर. तेच डोक्यावर घेऊन होकायंत्रावर वाकलो, तर मी, वही आणि काटा तिघंही कोरडे. त्यांनीच बांबूची काठीही दिली. कोयत्याने तिच्यावर वीत-वीत अंतरावर खुणा केल्या, कोयता लांब ठेवला आणि मोजायला बसलो. त्या बिंदूवर, त्या उंचीवर तीनदा मोजलं. तिन्ही वेळा उत्तर एकच! असा आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

अंधार पडेपर्यंत दोनच बिंदू पुरे झाले, म्हणून आकडे आज टाकत नाही. काटा फिरतो, आणि उंचीप्रमाणे वेगळा फिरतो, एवढं आता छत्रीशिवाय पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी कशेळीचा हत्ती. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आत इतर प्राणी कोरलेले. पावसाळ्यात सावल्या पडत नाहीत म्हणून फोटोची आशा नव्हती. पण रेषांत पाणी साचलं होतं, आणि संध्याकाळी समुद्राच्या बाजूला ढगांखाली उजेडाची पट्टी उघडली. कॅमेरा जमिनीलगत धरून पश्चिमेकडे पाहिलं तर सोंडेची रेघ चांदीच्या तारेसारखी चमकत होती. हत्ती पूर्ण मावला नाही, पण सोंड मिळाली.

तिसरी खेप नोव्हेंबरात, कोरड्या सड्यावर, असं ठरवलं होतं. पण हे लिहिताना वाटतंय की तोवर थांबायचं कारणच उरलं नाही. शिवाय बारसूच्या सड्यावरही हीच काठी लावून मोजायला हवं. तिथेही जांभाच, त्यामुळे गोठण्याचा काटा नुसत्या जांभ्यातल्या लोहाने फिरतो की त्या जागीच आणखी काही आहे, याचा थोडा अंदाज येईल. वीज पडली की खडकाचा तेवढा तुकडा चुंबकासारखा वागू लागतो, आणि उघड्या सड्यावर विजा पडतातच. ही शंका आता डोक्यातून जात नाही. त्यासाठी आकृतीभोवती हातभर अंतराची चौकट आखून मोजावं लागेल, म्हणजे दोन दिवस आणि एक सोबती हवा. घटस्थापनेच्या आधीचा शनिवार-रविवार कोणाला जमेल? पितळी टोकांची लाकडी फूटपट्टी असेल तर आणा. इरलं आजोबांच्या पडवीत आहे, परत येतो म्हणून सांगून आलोय.