खान्देशातून सुरतला बिऱ्हाड हलवताना: माझा अनुभव

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून सुरतला जाणाऱ्यांची वाट जुनी आहे. ताप्ती लाईनची, म्हणजे जळगाव-सुरत रेल्वेमार्गाची, गाडी धरली की अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली करत उधना येतं. उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा या भागांत अहिराणी बोलणारी घरं इतकी आहेत की परक्या राज्यात आलो असं पहिल्या दिवशी वाटतच नाही. त्यामुळेच तयारी कमी पडते. जळगावहून अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास असलं तरी हवा वेगळी आणि कागदपत्रांचं राज्य वेगळं. आमचं बिऱ्हाड जळगाव जिल्ह्यातून आलं. या हलवाहलवीत जे कळलं ते इथे लिहितो, म्हणजे पुढच्याला उपयोगी पडेल.

घर पाहायला पावसाळ्यात या आणि सामान मे महिन्यात आणा, हे मी सगळ्यांना सांगतो. उन्हाळ्यात सुरतचं प्रत्येक घर चांगलं दिसतं. जळगावला वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, सुरतला १,२०० च्या वर. भिंतीला ओल कुठपर्यंत चढते, गल्लीत पाणी किती वेळ थांबतं, गटाराचं झाकण कुठे उचकटतं, हे ऑगस्टमध्येच कळतं.

सुरतला पाणी दोन वाटांनी घुसतं. पहिली वाट तापीची, आणि ती आपल्याच गावावरून येते. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की पाणी सारंगखेडा, प्रकाशा ओलांडून गुजरातेतल्या उकाई धरणात जातं, आणि उकाई भरत आलं की तिथून सुरतकडे सोडावं लागतं. म्हणजे सुरतला ऊन पडलेलं असतानाही विदर्भ-खान्देशातल्या पावसाने शहरात पूर येऊ शकतो. ऑगस्ट २००६ मध्ये शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. रांदेर, अडाजण, कतारगाम या बाजूला घर घ्यायचं असेल तर शेजारच्या जुन्या दुकानदाराला ‘२००६ चं पाणी कुठपर्यंत आलं होतं’ एवढंच विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. दुसरी वाट खाडीची. लिंबायत, परवत पाटिया या भागांतून खाड्या जातात. शहरात जोराचा पाऊस आणि समुद्राला भरती एकाच वेळी आली की खाडीचं पाणी उलटं गल्लीत शिरतं. आपली बहुतेक माणसं याच भागांत राहतात, म्हणून तळमजल्याचं भाडं कितीही कमी असलं तरी पहिला मजला बघा. तळमजलाच घ्यावा लागला तर विजेचे बोर्ड कमरेच्या वर आहेत का, हे आधी पाहा.

भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचा नोटरी केलेला असतो. दलाल एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून मागतो, अनामत बोलण्यावर ठरते. करारासोबत घरमालकाकडून तीन गोष्टी त्याच दिवशी घ्या: लाईट बिलाची प्रत, महापालिकेच्या वेरा बिलाची प्रत (घरपट्टीला इथे वेरा म्हणतात) आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याची पोच. ही माहिती देणं घरमालकाचं काम आहे, पण पोच आपल्याजवळ असली की पुढे बरंच सोपं जातं. मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. दक्षिण गुजरात वीज कंपनीचं बिल बऱ्याच घरांत दोन महिन्यांचं एकदम येतं, आधीच्या भाडेकरूचे युनिट आपल्या माथी येऊ नयेत. मटण-मासे खात असाल तर करारापूर्वीच स्पष्ट सांगा. पुष्कळ सोसायट्यांत ते चालत नाही आणि घर लागल्यावर वाद करून काही हाती लागत नाही.

आता हवा. खान्देशातून निघताना लोक सगळ्यात आधी कूलर बांधतात. तो गावीच ठेवा. पाणी सुकताना हवेतली उष्णता ओढून घेतं, यावर कूलर चालतो. जळगाव-भुसावळला एप्रिल-मेच्या दुपारी ४२ अंश तापमान आणि हवेत २० टक्के दमटपणा असेल तर चांगला कूलर हवा २८ अंशांपर्यंत खाली आणतो, म्हणजे १४ अंशांचा फरक. सुरतला ३५ अंश आणि ६० टक्के दमटपणा असला तर तोच कूलर ३० च्या आसपास थांबतो आणि खोलीत ओल भरतो. घाम सुकत नाही, गादी चिकट होते, कपाटातल्या कपड्यांना वास लागतो. इथे खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींना खिडक्या असणं, छताचा पंखा आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा, यांनी जास्त आराम मिळतो. नैर्ऋत्येकडून येणारा समुद्राचा वारा संध्याकाळी घरात शिरला पाहिजे. धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात दुपारी दारं-खिडक्या लावून गारवा धरायची आपली सवय इथे सोडावी लागते, बंद घर इथे कोंदतं.

धान्याचं गणित तर पूर्ण बदलतं. वर्षाचे गहू, दादर (रब्बी ज्वारी), बाजरी कोठीत भरून आणायचा मोह होतो. खान्देशच्या कोरड्या हवेत बारा टक्क्यांच्या आत ओलावा असलेलं धान्य वर्षभर टिकतं. सुरतच्या जुलैत हवाच इतकी ओली असते की कोठीचं झाकण पुन्हा पुन्हा उघडलं तर धान्य ती ओल शोषून घेतं. आधी सोंडे पडतात, मग बुरशीचा वास येतो. म्हणून निम्मं धान्य गावीच घरच्यांकडे ठेवा आणि दिवाळीनंतर दुसरी खेप आणा. आणलेलं धान्य मे महिन्याच्या कडक उन्हात दोन दिवस तापवून, पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम भरलं तर डब्याच्या आतल्या बाजूला पाणी सुटतं. पन्नास किलोच्या एका कोठीपेक्षा दहा-दहा किलोचे घट्ट झाकणाचे पाच डबे बरे, एका वेळी एकच उघडतो. बाजरीच्या पिठात तेल असल्याने ते लवकर कडू होतं, पावसाळ्यात आठवड्यापुरतंच दळा. कळण्याच्या पिठाला, म्हणजे ज्वारी आणि उडदाच्या पिठाला, हेच लागू.

बिबडे (ज्वारीचे पापड), पापड, कुरडया, शेवया गावीच करून आणा. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे एका दिवसात कडक वाळणारं वाळवण इथल्या खाऱ्या वाऱ्यात वाळायला वेळ घेतं. बिबड्यांचं पीठ आधीच आंबवलेलं असतं, ते ओलं राहिलं तर आंबट होऊन काळे ठिपके पडतात. आणलेलं वाळवण दुहेरी पिशवीत बांधून डब्यात ठेवा आणि रोजच्या वापराचं वेगळं काढा. लोखंडी कपाट, तवा, विळा, शिवणयंत्र यांना पहिल्याच पावसात गंज चढतो. कपाटाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घाला, पाठ भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा आणि बिजागऱ्यांना तेल द्या. पाण्याच्या टाक्या आणि पिंपं मात्र निम्मी गावीच विका. आपल्याकडच्या अनेक गावांत चार-आठ दिवसांनी नळ येतो, सुरतला महापालिकेचं पाणी रोज ठरलेल्या वेळी येतं. हद्दीबाहेरच्या नव्या वसाहतींत बोअरचं जड पाणी असतं, ते घर बघतानाच विचारून घ्या.

वाहतुकीला एका खोलीचं सामान छोट्या हत्तीत (लहान टेम्पोत) बसतं, कपाट-दिवाण-कोठ्या असल्या तर आयशर ट्रक लागते. आयशर ठरवताना नॅशनल परमिट आहे ना, हे कागद बघून खात्री करा, नाहीतर नवापूरच्या पुढे गाडी अडते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) लागत नाही. पण सामानाची यादी करून खाली ‘जुने घरगुती सामान, विक्रीसाठी नाही’ असं लिहून सही केलेला कागद चालकाजवळ द्या. खोक्यात बंद नवा टीव्ही किंवा फ्रिज असेल तर त्याचं बिल सोबत ठेवा. कोंडाईबारी घाट दिवसा उतरा. आणि गाडीत कुणाचीही, कसलीही दारूची बाटली जाऊ देऊ नका. गुजरातेत दारूबंदी आहे, सीमेवर तपासणी होते, आणि एका बाटलीपायी सामानासकट गाडी अडकते.

गॅसचं काम निघण्याच्या आठवडाभर आधी करा. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा केले की अनामत परत मिळते आणि ट्रान्सफर व्हाउचर मिळतं. ते दाखवून सुरतला आजच्या दराने अनामत भरून नवं कनेक्शन निघतं. मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर (कनेक्शन घेताना मिळालेला कागद) सापडत नसेल तर आधी तिथेच प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, इथून ते होत नाही. नव्या घरात पाईपलाईनचा गॅस असेल तर आपली शेगडी तशीच जोडू नका. सिलिंडरच्या शेगडीचं जेट (गॅस बाहेर पडायचं भोक) बारीक असतं, पाईपच्या गॅसचा दाब कमी म्हणून त्याला मोठं जेट लागतं. न बदलता जोडली की ज्योत मिणमिणते आणि भाकरी भाजत नाही. कंपनीचा माणूस जेट बदलून देतो.

मुलांची शाळा हा यातला सगळ्यात नाजूक भाग, इथे घाई करू नये. गावच्या शाळेतून दाखला घेताना तो दुसऱ्या राज्यासाठी आहे हे सांगून शिक्षणाधिकारी कार्यालयाची प्रतिस्वाक्षरी घ्या. सोबत युडायसचा (सरकारच्या शाळा-नोंदणी पोर्टलचा) पेन क्रमांक आणि अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचे ओळख क्रमांक, लिहून घ्या, आणि त्या पोर्टलवर मुलाला शाळेतून मोकळं केलं का, ते मुख्याध्यापकांसमोरच बघा. ते राहिलं तर नव्या शाळेच्या यादीत मुलाचं नाव चढत नाही. नावाचं स्पेलिंग दाखला, जन्मदाखला आणि आधार या तिन्हींवर एकच हवं. पहिलीच्या वयाचा नियम दोन राज्यांत वेगळा आहे. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होत असतील तर पहिलीत घेतात, गुजरातेत १ जूनला सहा पूर्ण लागतात. म्हणजे जून ते डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल आपल्याकडे पहिलीत बसलं असतं, इथे त्याला बालवाटिकेत (पहिलीच्या आधीच्या वर्गात) घालतात.

सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत, ही मोठी सोय आहे. पण आठवीनंतर त्या भागात मराठी माध्यमाचं काय आहे, हे आधी विचारून घ्या. २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती विषय सगळ्या शाळांत सक्तीचा आहे. देवनागरी येणाऱ्या मुलाला गुजराती लिपी महिनाभरात येते, शिरोरेघ नसते आणि थोडीच अक्षरं वेगळी आहेत. मोठ्यांनी निदान अंक शिकावेत, कारण गुजरातीतला ५ आपल्या ‘प’ सारखा दिसतो आणि बसच्या पाटीवर गोंधळ होतो.

मूल दहावी-बारावीच्या मध्ये असेल तर मी ठामपणे सांगेन, थांबा. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. दहावी जळगावला आणि बारावी सुरतला केलेलं मूल इथल्या-तिथल्या दोन्ही याद्यांच्या काठावर उभं राहतं. एकाने आधी पुढे यावं आणि बाकी घराने बारावीपर्यंत गावी राहावं, हे कितीही जड वाटलं तरी मुलाच्या दृष्टीने बरं.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. भिल्ल, पावरा, टोकरे कोळी किंवा कुठलाही अनुसूचित समाज असो, आरक्षण मूळ राज्याच्या यादीवर चालतं. नोकरीसाठी स्थलांतर केलं म्हणून गुजरातच्या राज्य सवलती मिळत नाहीत. महाराष्ट्रातला हक्क मात्र कायम राहतो. म्हणून जातवैधता प्रमाणपत्राचं काम गावी असतानाच पूर्ण करा, वडील-आजोबांचे शाळेचे जुने उतारे तिथेच मिळतात.

रेशनकार्ड रद्द करू नका. एक देश एक रेशनकार्ड योजना ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र-गुजरात ही जोडी होती. ई-केवायसी झालेलं असेल तर सुरतच्या दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचे गहू-तांदूळ मिळतात, आणि गावी राहिलेले आई-वडील त्यांचा वाटा तिथे उचलू शकतात. गुजरात सरकार स्वतःच्या कार्डधारकांना वेगळं देतं ते आपल्याला मिळत नाही. आधारचा पत्ता बदलायला नोटरी करार बहुधा चालत नाही. नगरसेवकाकडून आधारच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्या, ते तीन महिने चालतं. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८ भरा.

दिवाळीच्या सुमाराला मात्र कामाच्या शोधात येऊ नका. गुजराती वर्ष कार्तिक प्रतिपदेला बदलतं, कापड मार्केट आणि कारखाने लाभपंचमीपर्यंत, पुष्कळदा त्याहून जास्त, बंद असतात. कामगार गावी गेलेले असतात, ताप्ती लाईनला उभं राहायला जागा नसते. भरती खरी सुरू होते ती त्यानंतर. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मात्र इथे सुट्टी मिळेलच असं नाही, मुकादमाशी आधी बोलून ठेवावं लागतं. खान्देशची देवी कानबाई श्रावणात इथेही बसते.

मोटारसायकलचं काम शेवटी होतं, पण त्याची सुरुवात गावातूनच करावी लागते. परराज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर एमएच-१९, १८ किंवा ३९ (जळगाव, धुळे, नंदुरबारचा नंबर) बदलून गुजरातचा नंबर घ्यावा लागतो. आधी सगळे चलन भरा, उच्च सुरक्षेची (एचएसआरपी) नंबरप्लेट बसवा, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. मग फॉर्म २८ च्या तीन प्रती, त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने उठवलेला ठसा, आरसी, विमा, पीयूसी जोडून आरटीओकडून एनओसी (ना-हरकत पत्र) घ्या. सुरतला फॉर्म २७ भरून गाडीच्या वयाप्रमाणे कर भरायचा. नवी आरसी हाती आली की तिची प्रत आणि मूळ कर पावती जोडून गावच्या आरटीओत उरलेल्या वर्षांच्या कराच्या परताव्याचा अर्ज करा. बहुतेक जण हा अर्ज करतच नाहीत आणि भरलेला पैसा तिथेच राहतो. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तो कागद पिशवीत असू द्या.