पाथूरच्या नटराजाचा खटला अभ्यासताना

विधी शाखेच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी प्राचीन मूर्तींच्या मालकीवरून झालेले दावे हा विषय निवडला. सोलापुरात बसून लंडनच्या खटल्यांचा अभ्यास कसा होणार, असे अनेकांनी विचारले. परंतु विषय सुचला तो येथेच, भीमा-सीनेच्या संगमावरील हत्तरसंग कुडलला शके ९४० चा मराठी शिलालेख पाहताना. असा एखादा दगड परदेशी विक्रीला निघाला, तर तो आपलाच आहे हे न्यायालयात कशावरून सिद्ध करणार?

सुरुवातीचा बराच काळ तारखा लावण्यात गेला. वस्तू जमिनीतून केव्हा निघाली, देशाबाहेर केव्हा गेली आणि कोणी केव्हा विकत घेतली, हे ठरल्याशिवाय कोणता कायदा लागू होतो तेच कळत नाही. गुप्तधनाचा कायदा १८७८ चा, निर्यातबंदीचा १९४७ चा, पुराणवस्तूंविषयीचा १९७२ चा, तोही अंमलात आला १९७६ मध्ये. आणि सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७० चा करार पूर्वलक्षी नाही, म्हणजे आधीच्या व्यवहारांना तो लागू होत नाही.

सर्वाधिक वेळ मी तमिळनाडूतील पाथूरच्या नटराजाच्या खटल्याला दिला. १९७६ मध्ये एका मजुराला खोदताना सापडलेली ही कांस्यमूर्ती एका कॅनेडियन कंपनीने विकत घेतली आणि १९८२ मध्ये लंडन पोलिसांनी ती ताब्यात घेतली. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९१ मध्ये मंदिराला स्वतःच्या नावाने दावा चालवता येतो हे मान्य केले. तिकडे हा मुद्दा फार अवघड ठरला होता. देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर देवाचे नाव आणि पुजाऱ्याची केवळ वहिवाट पाहण्याची सवय असलेल्या आपल्याकडच्या दिवाणी वकिलाला मात्र त्यात नवल वाटणार नाही. देवतेला स्वतःचे हितसंबंध असतात, हे प्रिव्ही कौन्सिलनेही, म्हणजे ब्रिटिश काळातील भारताच्या सर्वोच्च अपील न्यायालयानेही, १९२५ मध्येच मान्य केले होते.

तरीही हा खटला केवळ त्या तत्त्वावर जिंकला गेला नाही, असे माझे ठाम मत आहे. लंडनची मूर्ती पाथूरचीच आहे हे दाखवण्यासाठी त्याच जागी सापडलेल्या इतर मूर्तींशी तिची घडण ताडून पाहिली गेली, तिच्यावरील माती आणि वाळवीच्या खुणाही तज्ज्ञांनी तपासल्या. तमिळनाडूतीलच श्रीपुरंतनच्या मंदिरातून चोरीला गेलेल्या नटराजाच्या बाबतीत पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतील जुने छायाचित्र निर्णायक ठरले आणि ऑस्ट्रेलियाने ती मूर्ती २०१४ मध्ये परत केली. निकालपत्रातील कायद्याची चर्चा वाचण्याआधी पुराव्याचा भाग वाचावा, हे मला या दोन प्रकरणांनी शिकवले.

१९७२ च्या कायद्यानुसार ठरावीक प्रकारच्या पुराणवस्तू बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करून घ्यावी लागते. पारावर ठेवलेल्या वीरगळींसाठी असा अर्ज करायला सहसा कोणी पुढे येत नाही. म्हणून प्रबंधाच्या परिशिष्टात मी आमच्या भागातील अशा वीरगळींची छायाचित्रे, मापे आणि पाहणीची तारीख दिली आहे. मार्गदर्शकांना ते विषयाबाहेरचे वाटले. त्यांच्याशी सविस्तर चर्चा करून, त्यांच्या संमतीने मी ते कायम ठेवले.